पदाची किंमत कोण मोजतो?



26 एप्रिल 2024 रोजी उमरखेडच्या मतदारांनी हिंगोली लोकसभा मतदारसंघासाठी मतदान केले. आपला तालुका यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात आहे. परंतु लोकसभेसाठी तो पैनगंगेपलीकडच्या मराठवाड्याशी जोडलेला आहे. त्या दिवशी यंत्रावरील दोन प्रमुख उमेदवार पाच वर्षांपूर्वीच्या एकाच पक्षाचे वारसदार म्हणवीत होते. एकाचे चिन्ह धनुष्यबाण होते, दुसऱ्याचे मशाल. 2019 मध्ये येथून धनुष्यबाणावर निवडून आलेले खासदार 2022 च्या फुटीत एकनाथ शिंदे यांच्या बाजूला गेले होते. 2024 मध्ये धनुष्यबाणावर बाबुराव कदम कोहळीकर उभे राहिले, मशालीवर नागेश पाटील आष्टीकर. आणि मतदारांनी आष्टीकरांना निवडले.

कोण जिंकले, कोण हरले, हा या लेखाचा विषय नाही. खरा पक्ष कोणाचा, याचा निवाडा निवडणूक आयोग आणि न्यायालये यांच्यापुढे झाला आहे व होत राहील. परंतु ईमानवंताच्या मनात याहून वेगळा प्रश्न उभा राहिला पाहिजे. नेतृत्वासाठी माणसे एकमेकांसमोर उभी ठाकतात, तेव्हा त्यांच्यातील सत्याच्या जवळ कोण आहे हे ओळखावे कशावरून? भाषणावरून, संख्येवरून, घराण्यावरून, की अन्य कशावरून? कोणत्याही पक्षाची बाजू न घेता आपण या प्रश्नाचा विचार करू या. कारण हा प्रश्न जितका मुंबईच्या विधानभवनाचा आहे, तितकाच आपल्या मोहल्ल्याचाही आहे.

मागणाऱ्याला पद नाही

इस्लामने पदाकडे पाहण्याची जी दृष्टी दिली आहे, ती आजच्या राजकारणाला अगदी उलटी वाटेल. सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपविण्याचा आदेश आहे, आणि कुरआनच्या भाष्यकारांनी सार्वजनिक अधिकारपदांचाही समावेश या अमानतींमध्ये केला आहे. पद म्हणजे मिळकत नव्हे, ठेव आहे. ज्याची ठेव आहे तो कधीही हिशेब मागू शकतो, आणि एक दिवस तर तो मागितला जाणारच आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना बजावले होते की, अधिकारपद मागू नका, मागून मिळाले तर तुम्हाला त्याच्याच स्वाधीन केले जाईल, आणि न मागता मिळाले तर त्यात तुम्हाला साहाय्य लाभेल. अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्यासोबत आलेल्या दोघांनी पदाची मागणी केली, तेव्हा पद मागणाऱ्याला किंवा त्याचा लोभ धरणाऱ्याला आम्ही ते देत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. या दोन्ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांत आहेत. तिर्मिजीतील एका हदीसमध्ये तर असे समजावले आहे की, मेंढ्यांच्या कळपात सोडलेले दोन भुकेले लांडगे कळपाचा जितका नाश करतील, त्याहून अधिक नाश धनाचा आणि मानमरातबाचा लोभ माणसाच्या दीनचा करतो. मेंढ्या राखणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग उमेदवारी अर्ज भरायचा कोणी?

येथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपण ज्या व्यवस्थेत राहतो तिच्यात मागितल्याशिवाय पद मिळतच नाही. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत उमेदवाराला स्वतःच्या सहीने अर्ज भरावा लागतो आणि दारोदार जाऊन स्वतःसाठी मत मागावे लागते. मागणे हेच जर अपात्रतेचे लक्षण मानले, तर प्रत्येक भला माणूस घरी बसेल आणि मैदान लोभी माणसांना मोकळे मिळेल.

या अडचणीवर विद्वानांनी हजरत यूसुफ (अलै.) यांच्या चरित्राकडे बोट दाखविले आहे. सूरह यूसुफच्या 54 आणि 55 व्या आयतींत आपण वाचतो की, मिसरच्या राजाने त्यांच्यावर पूर्ण विश्वास दर्शविला, तेव्हा त्यांनी देशाच्या कोठारांचा कारभार स्वतः मागून घेतला. आपण जपणूक करणारे आहोत आणि जाणकार आहोत, असे स्पष्टपणे सांगितले. येऊ घातलेला दुष्काळ त्यांना ठाऊक होता आणि त्याला तोंड देऊ शकेल असे दुसरे कोणी नव्हते. म्हणून लोकांचे प्राण वाचविण्यासाठी योग्य माणसाने पुढे येणे हा लोभ ठरत नाही. प्रसंगी न येणे हाच गुन्हा ठरतो. उलट केवळ सज्जनपणाही पुरेसा नाही. हजरत अबूजर (रजि.) यांच्या परहेजगारीविषयी कोणाला शंका नव्हती, तरी त्यांनी पद मागितले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना प्रेमाने समजावले की, तुम्ही या कामासाठी दुर्बळ आहात, हे पद अमानत आहे आणि ज्याने तिचा हक्क अदा केला नाही त्याला ते कियामतच्या दिवशी लाज आणि पश्चात्ताप ठरेल.

परंतु, वाचकहो, यामुळे प्रश्न सुटत नाही, उलट अधिक कठीण होतो. कारण आज पद मागणारा प्रत्येक जण स्वतःला यूसुफच समजतो. दुष्काळ मलाच दिसतो आहे, कोठारे मीच राखू शकेन, माझ्यावाचून सर्व नष्ट होईल, असे प्रत्येक जण सांगतो. आणि कधी कधी तसे मानतोही. नीयत अल्लाहखेरीज कोणी पाहू शकत नाही. मग आपल्यासारख्या सामान्यांनी, ज्यांच्याकडे मत आहे पण अंतर्ज्ञान नाही, काय पाहावे?

जाताना दिसणारा माणूस

पद मिळवितानाचा माणूस आपले उत्तम रूप दाखवितो. ते जाऊ लागते, तेव्हा त्याचे खरे रूप दिसते. इस्लामी इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर काही प्रसंग मनावर कोरले जातात.

हिजरी 23 मध्ये जखमी अवस्थेत असताना हजरत उमर (रजि.) यांनी वारस नेमण्यासाठी सहा ज्येष्ठ सहाबींची शूरा नेमली : उस्मान, अली, अब्दुर्रहमान बिन औफ, जुबैर, तलहा आणि साद बिन अबी वक्कास (रजि.). आपले पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना त्यांनी सल्लामसलतीत बसण्याची मुभा दिली, परंतु खिलाफतीत त्यांचा वाटा नसेल असे ठरवून दिले. अब्दुल्लाह अपात्र नव्हते; तरीही पित्याने स्वतःच्या घराचे दार स्वतःच्या हाताने बंद केले. पुढे त्या सहांपैकी अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आधी स्वतःची उमेदवारी मागे घेतली आणि मगच निवडीची जबाबदारी स्वीकारली. त्यांनी मदीनेत लोकांना भेटून त्यांचे मत घेतले आणि अखेर हजरत उस्मान (रजि.) यांच्या हाती बैअत केली. स्पर्धेचा पंच होण्यासाठी त्यांनी स्पर्धकाची जागा सोडली होती.

हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांना सेनापतिपदावरून दूर करण्यात आले. विजयांची मालिका ज्याच्या नावावर, असा हा माणूस फौज घेऊन वेगळा झाला नाही. तो अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली लढत राहिला.

हजरत हसन (रजि.) यांच्या पाठीशी मोठे सैन्य होते. तरी हिजरी 41 मध्ये त्यांनी मुसलमानांचे रक्त वाचविण्यासाठी खिलाफत सोडली. आपला हा नातू दोन मोठ्या गटांत समेट घडवील, असे प्रेषितांनी (स.) आधीच सांगितले होते.

येथे अभ्यासू वाचक विचारील : मग हजरत उस्मान (रजि.) यांचे काय? बंडखोरांनी घराला वेढा घातला, पद सोडण्याची मागणी केली, आणि त्यांनी ती मान्य केली नाही. मग पद सोडणे हेच नेहमी पुण्याचे कसे?

हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरातच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी पद सोडले नाही, कारण दंडेलीपुढे झुकून खिलाफत सोडण्याचा पायंडा त्यांना पाडायचा नव्हता. परंतु ते पद राखण्यासाठी मुसलमानांचे रक्त सांडण्याची परवानगीही त्यांनी दिली नाही. रक्षणासाठी तलवारी घेऊन आलेल्यांना त्यांनी परत पाठविले आणि किंमत स्वतःच्या प्राणांनी मोजली. हजरत हसन (रजि.) यांनी पद सोडले, हजरत उस्मान (रजि.) यांनी सोडले नाही. वरवर पाहता दोन कृती परस्परविरुद्ध आहेत. आतून मात्र एकच आहेत. दोघांनीही आपल्या पदाची किंमत दुसऱ्याला मोजू दिली नाही. उमर (रजि.) यांच्या निर्णयाची किंमत त्यांच्या घराने मोजली. खालिद (रजि.) यांच्या पदच्युतीची किंमत त्यांच्या अभिमानाने मोजली, फौजेने नव्हे.

तेव्हा नेतृत्वाच्या कोणत्याही स्पर्धेत आपण हे विचारावे : याच्या पदाची किंमत कोण मोजतो आहे? तो स्वतः, की इतर?

महाराष्ट्राच्या काट्यावर

हाच प्रश्न घेऊन आता आपल्या राज्याकडे पाहू. 1966 मध्ये स्थापन झालेला शिवसेना पक्ष जून 2022 मध्ये फुटला. 29 जून रोजी उद्धव ठाकरे यांनी विधानसभेतील बहुमत चाचणीला सामोरे न जाता मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे यांनी शपथ घेतली. 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. निर्णयाचा मुख्य आधार संख्या हा होता : 55 पैकी 40 आमदार आणि 18 पैकी 13 खासदार त्या बाजूला होते. पुढे जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षही त्याच वाटेने दुभंगला आणि 6 फेब्रुवारी 2024 रोजी नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे न्यायाने ऐकले पाहिजे. एखाद्या समूहाविषयीचा रागही तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह माइदाची (आयत 8) शिकवण आहे. एक बाजू म्हणते : आम्ही ज्या पक्षाच्या नावावर निवडून आणले, तो पक्षच हे सोडून गेले. दुसरी बाजू म्हणते : ऑक्टोबर 2019 ची मते भाजपशी युती करून मागितली होती, निकालानंतर काँग्रेस आणि राष्ट्रवादीसोबत सरकार बनवून तो करार तुम्हीच आधी मोडला. दोन्ही तक्रारींत तथ्याचा अंश आहे. परंतु दोन्ही तक्रारी एकत्र ठेवून वाचा, म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसेल. 2019 मध्ये युती बदलली तेव्हा मतदाराला कोणी विचारले नाही. 2022 मध्ये नेता बदलला तेव्हाही विचारले नाही. अमानत ज्याची होती, तोच दोन्ही वेळा गैरहजर होता. किंमत त्याने मोजली.

कायद्याने हे रोखण्याचा प्रयत्न केलेला आहे. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली. तेव्हा एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्यांना सूट होती. 2003 मध्ये ती सूट काढून टाकण्यात आली. मे 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातील गटाचा नाही. हे सर्व आवश्यक आहे. परंतु कायदा मुख्यतः डोकी मोजतो. एकाने केली तर जी गोष्ट विश्वासघात ठरते, ती चाळिसांनी केल्याने हलाल होत नाही. आणि जी गोष्ट सत्यासाठी करणे भाग आहे, ती एकट्याने केली म्हणून हराम होत नाही.

पक्ष सोडणे मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. साथीदार अन्यायाकडे वळले तर त्यांना सोडणे कर्तव्यच होते. प्रश्न सोडण्याच्या रीतीचा आहे. सप्टेंबर 2019 मध्ये साताऱ्याचे खासदार उदयनराजे भोसले यांनी राष्ट्रवादी सोडली, तेव्हा त्यांनी खासदारकीचाही राजीनामा दिला आणि त्याच जागेसाठी पुन्हा मतदारांसमोर गेले. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी त्यांचा पराभव केला. त्यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो. ठेव ज्याची त्याला परत करून मग पुन्हा मागणे, ही रीत मात्र दखल घेण्याजोगी आहे. पक्ष बदलण्याची किंमत तेथे मतदाराने नव्हे, उमेदवाराने मोजली.

कोणी म्हणेल, राजीनामे दिले तर फेरनिवडणुकांचा खर्च जनतेवरच पडेल. खर्च पडेल हे खरे. परंतु ज्याला हरण्याचे भय आहे, तो शंभरदा विचार करून मगच पाऊल उचलील, आणि असे प्रसंगच विरळ होतील. ज्या व्यवहारात सोडणाऱ्याला काहीच गमवावे लागत नाही, तोच व्यवहार वारंवार होतो, हे बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट. सूरह शूराच्या 38 व्या आयतीत ईमानवंतांचे एक लक्षण असे सांगितले आहे की, त्यांचे व्यवहार आपसांतील विचारविनिमयाने चालतात. आपल्याकडील बहुतेक पक्षांत नेता विचारविनिमयाने निवडला जात नाही. काँग्रेससारख्या जुन्या पक्षातही अध्यक्षपदासाठी ऑक्टोबर 2022 मध्ये मतदान झाले, ते बावीस वर्षांनी. मल्लिकार्जुन खर्गे यांना 7,897 आणि शशी थरूर यांना 1,072 मते मिळाली. हरलेले थरूर विजेत्याचे अभिनंदन करून पक्षातच राहिले. जेथे आतल्या मतभेदाला असे दार नसते, तेथे तो एक दिवस भिंत फोडून बाहेर पडतो.

आपल्या मोहल्ल्यातील फलक

वाचकहो, येथवर दुसऱ्यांविषयी बोलणे सोपे होते. आता स्वतःकडे वळू.

नेते फुटतात ते मुंबईत. भेग मात्र आपल्या घरापर्यंत येते. एका बापाचे दोन मुलगे दोन गटांचे झेंडे घेतात आणि ईदच्या दिवशीही गळाभेट टाळतात. नेते उद्या एका व्यासपीठावर बसतील. या दोन भावांना पुन्हा एका दस्तरखानावर कोण बसवील? आपल्या लोकांना त्यांच्या अन्यायात साथ देणे म्हणजेच असबियत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. आणि बुखारीतील एका हदीसमध्ये ज्या तीन माणसांशी अल्लाह कियामतच्या दिवशी बोलणार नाही, त्यांत एक असा आहे की ज्याने नेत्याची बैअत केवळ दुनियेसाठी केली. काही मिळाले तर तो वचन पाळतो, नाही मिळाले तर मोडतो. ही चेतावणी नेत्याला नाही, अनुयायाला आहे.

मी हे उंचावर बसून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील मस्जिदीच्या व्यवस्थापन समितीची निवड होती. खजिनदारीसाठी दोन नावे होती. एक गृहस्थ नऊ वर्षे ते काम करीत होते. जुम्याचा चंदा ते असरच्या आत मोजून दारातील फलकावर खडूने लिहीत. दुसरा माझा मामेभाऊ होता. आदल्या रात्री मामूंचा फोन आला, आणि सकाळी मी मामेभावासाठी हात वर केला. तो थोड्या मतांनी निवडून आला.

दुसऱ्या दिवशी इशानंतर ते गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले. तिच्यात वह्या, पावतीपुस्तके आणि किल्ल्या होत्या. दोन रात्री बसून त्यांनी माझ्या मामेभावाला सारा हिशेब समजावला. विजेचे बिल कोणत्या तारखेपर्यंत भरायचे, हेही सांगितले. पुढच्या जुम्याला ते नेहमीप्रमाणे पहिल्या सफमध्ये होते आणि नमाजनंतर चटया गुंडाळीत होते. माझा मामेभाऊ वाईट माणूस नाही; पण त्याचा कामधंदा फिरतीचा. तीन-चार महिन्यांत दारातील तो फलक कोरा राहू लागला, आणि हळूहळू चंदाही कमी झाला.

मत ही साक्ष आहे, शिफारस आहे आणि वकालतही आहे, असे मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांच्यासारख्या विद्वानांनी लिहिले आहे. वाईट शिफारस करणाऱ्याला तिच्यात वाटा मिळतो, असे सूरह निसाची 85 वी आयत सांगते. आणि त्याच सूरहच्या 135 व्या आयतीत साक्ष आईवडिलांच्या व नातलगांच्या विरोधात गेली तरी न्यायानेच देण्याचा आदेश आहे. त्या कोऱ्या फलकात माझ्या वर गेलेल्या हाताचा वाटा आहे, हे कळायला मला फार वेळ लागला. एके दिवशी मी त्या गृहस्थांची माफी मागितली. ते म्हणाले, “भाई, किल्ल्या मस्जिदीच्या होत्या, माझ्या कुठे होत्या?”

पद ही अमानत आहे, हे वाक्य आपण शेकडो बयानांत ऐकले आहे. ते अमलात आलेले मी त्या दिवशी पाहिले.

म्हणून पुढच्या निवडणुकीत, मग ती लोकसभेची असो, नगरपरिषदेची असो, पतसंस्थेची असो वा मस्जिदीच्या समितीची, आपण उमेदवाराचे भाषण अवश्य ऐकावे. परंतु मागच्या वेळी हरल्यावर तो कसा वागला, हेही विचारावे. त्याने हिशेब दिला का, किल्ल्या परत केल्या का, त्याच्या पराभवाचे किंवा पक्षांतराचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडले, हे पाहावे. आणि आपले मत देताना, आदल्या रात्री आलेला फोन कोणाचा होता, हे विसरून जावे.

हे अल्लाह, आम्हाला पदाच्या लोभापासून दूर ठेव. ज्यांच्यावर पदाचा भार आहे त्यांना तो पेलण्याचे आणि वेळ येताच उतरवून ठेवण्याचे बळ दे. आणि आमची साक्ष नातलगांसाठी नव्हे, केवळ तुझ्यासाठी होवो. आमीन.